भेंडीवरचा हळद्या: व्हायरस कॉप्या कशा काढतो ते सुंभाने करून बघा

वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतर केलेली, भेंडी गुडघ्याएवढी झाली की एखाद्या झाडाच्या शेंड्याला शिरा पिवळ्या दिसायला लागतात, आधी नुसती पिवळी जाळी आणि मधे हिरवं, मग पान अख्खंच पिवळं आणि भेंड्या पण पिवळट, निबर. हा हळद्या. आमच्याकडे लगेच बुरशीनाशक आणून मारतात, पैसे वाया जातात बघून खरंच वाईट वाटतं, कारण ही बुरशी नव्हेच, हा व्हायरस.

घरात नारळाचं सुंभ असेल, त्याचा एक पदर सोडवा आणि टोकं बांधून कडं करा. व्हायरसचा डीएनए, म्हणजे त्याची सगळी माहिती लिहिलेला धागा, असाच, एकेरी आणि गोल, साधारण २,७०० अक्षरांचा. पांढरी माशी रस पिताना व्हायरस पानात सोडते, मग हा डीएनए पेशीच्या केंद्रकात पोचतो. कॉपी काढायचं एन्झाइम त्याच्याकडे नाहीच, झाडाचंच वापरतो. आता कड्यावर दुसरा पदर वळा, हे झाडाने केलेलं काम. मग दोनातला एकच पदर कापा. ही कात्री मात्र व्हायरसची स्वतःची, रेप नावाचं प्रोटीन, ९ अक्षरांची ठरलेली खूण बघून तिथेच कापतं. कापलेलं टोक उलगडत जा आणि मोकळ्या जागेवर मागून नवा पदर वळत या, फेरी पूर्ण झाली की जुना पदर सुटून हातात येतो, त्याची टोकं बांधली की नवं कडं तयार, आणि मूळचं दुपदरी कडं परत कापायला तसंच शिल्लक!

मोठ्या पानातल्या पेशींनी डीएनए बनवणं थांबवलेलं असतं, तर रेप त्यांनाही पुन्हा कामाला लावतं. सोबत निम्म्या आकाराचं, बीटासॅटेलाइट नावाचं डीएनएचं आणखी एक कडं असतं, ते झाडाचा प्रतिकार दाबतं.

सगळं यंत्र झाडाचंच, म्हणून लागलेलं झाड फवारून बरं होत नाही, उपटायचंच. सकाळी गारव्यात माश्या सुस्त असतात तेव्हा झाडावर पिशवी घालून मुळासकट काढा, लांब नेऊन पुरा. बाकीच्यांना निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडं साबणाचं पाणी घालून, पानाच्या खालच्या अंगाला, माशी तिथेच बसते. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासून शेंड्याच्या उंचीला टांगा. बियाणं हळद्याला टिकणाऱ्या जातीचं, परभणी क्रांती नाहीतर अर्का अनामिका बघा, पण त्यांनाही हल्ली लागतो, तेव्हा निर्धास्त राहू नका. उपटलेल्या झाडाच्या शेजारची झाडं पुढचे पंधरा दिवस रोज बघा, शेंड्याचं कोवळं पान उजेडाकडे धरून.