जुन्या झिनफँडेलची घरी तुलना: विदर्भातल्या हिवाळी बैठकीची तयारी

वाइन चाखायची बैठक जानेवारीत असली तरी तयारी मार्चमध्येच सुरू करा. नाशिकच्या सुला या उत्पादकाची लाल झिनफँडेल (त्याच नावाच्या द्राक्षाची वाइन) घ्या, पाठच्या लेबलवर एकच तारीख असलेल्या दोन बाटल्या. एक फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, दुसरी साध्या आलमारीत. दोन्हींवर पेनाने महिना लिहून ठेवा. अचलपूर-परतवाड्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बंद आलमारी रात्रीसुद्धा निवत नाही. ती दुसरी बाटली चैनीसाठी नाहीच, ती उन्हाची साक्षीदार आहे. जुनी वाइन चाखताना आपल्या भागात खरा प्रश्न एकच असतो: जे जाणवतंय ते वय आहे, की ऊन लागलंय? दोन्हीला रंग विटकरी होतो, दोन्हीला ताज्या फळाचा वास उतरतो.

झिनफँडेलमध्ये हे ओळखणं आणखी कठीण. या द्राक्षाचा घड एकसारखा पिकत नाही. एकाच घडात काही मणी हिरवट, काही पिकलेले आणि काही वेलीवरच सुकून मनुका झालेले असतात. मागे राहिलेले मणी पिकेपर्यंत थांबलं की बाकीच्यांत साखर चढते. म्हणून अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपास सहज जातं आणि अगदी ताज्या वाइनलाही मनुकेचा, मुरंब्याचा वास येतो. उन्हात शिजलेल्या कोणत्याही लाल वाइनला साधारण तसाच वास येतो. त्यामुळे शेजारी मुद्दाम तापवलेली एक बाटली नसेल, तर या तुलनेला मला फारसा अर्थ वाटत नाही.

मग जुनी बाटली. कॅलिफोर्नियाहून कुणी येणार असेल तर आधीच सांगून ठेवा: सोनोमा भागातली, एकाच उत्पादकाची, एक दहाएक वर्षांची आणि एक अलीकडची. विमानतळावर एका माणसाला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या बसतात. लेबलवर ‘ओल्ड व्हाइन’ लिहिलेलं असेल तर ते वय वेलीचं, बाटलीतल्या वाइनचं नाही. आणि वेल किती जुनी असावी याची तिथल्या कायद्यात व्याख्याही नाही. नाव झिनफँडेल असलं तरी आत ते द्राक्ष किमान ७५ टक्के असलं की तिकडे चालतं. रिज या उत्पादकाच्या गेझरव्हिलसारख्या बाटल्यांवर कोणतं द्राक्ष किती टक्के ते छापलेलं असतं, असं लेबल तुलनेला फार सोयीचं. कॅलिफोर्निया जमत नसेल तर इटलीच्या पुलिया भागातली प्रिमितिवो शोधा. ते हेच द्राक्ष आहे. २००१ साली संशोधक कॅरोल मेरेडिथ आणि त्यांच्या क्रोएशियन सहकाऱ्यांनी डीएनए तपासून त्याचं मूळ क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या एका जवळपास विसरलेल्या वेलीत दाखवलं. रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, मात्र या बैठकीत आणू नका, ती ताजी आणि थंड पिण्याची गोष्ट आहे.

दारूच्या परवान्याचं काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन परवाना मिळतो. प्रत्येकाचा स्वतःचा हवा. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथल्या मित्रांनी बाटल्या घेऊन यायचं किंवा न्यायचं नाही. बैठक दुसऱ्या जिल्ह्यात ठेवा.

बाटली हाती आली की आधी मान बघा. बूच वर सरकलंय का, टोपणाखाली चिकट ओघळ आहे का, वाइनची पातळी खांद्याखाली उतरलीय का? यातलं काही दिसलं तर प्रवासात किंवा गोदामात ऊन लागलेलं असू शकतं. तशी बाटली फेकू नका, साक्षीदाराच्या शेजारी बसवा. बैठकीपर्यंत जुनी बाटलीही फ्रिजमध्येच आडवी राहू द्या. जुन्या वाड्यातलं तळघर किंवा धान्याचं पेव मे महिन्यात वर्‍हांड्यापेक्षा गार लागतं हे खरं, पण वाइनला हवे ते १३-१४ अंश तिथे मिळत नाहीत.

आदल्या दिवशी जुनी बाटली फ्रिजमधून काढून उभी करा, गाळ तळाशी बसायला पूर्ण दिवस द्या. पौष-माघातल्या रात्री घरातली फरशीच पुरेशी गार असते. पेल्यात वाइन १६ ते १८ अंशांना असावी; त्याहून गरम झाली की १५ टक्क्यांचं अल्कोहोल नाकात झोंबतं आणि बाकी सगळं झाकून टाकतं. जुनं बूच ठिसूळ असतं, म्हणून दोन पात्यांचा ओपनर मिळाला तर उत्तम, नाहीतर स्क्रू सरळ आणि हळूहळू फिरवा. ओतताना मानेखाली टॉर्च धरा आणि गाळ दिसला की थांबा. जुनी वाइन तासन्तास उघडी ठेवू नका, तिच्यात उरलेला सुगंध नाजूक असतो.

पेले काचेचे, सगळे एकाच आकाराचे. साबणाचा वास उरला की सगळं वाया, म्हणून शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याने करा आणि जुन्या सुती धोतराने पुसा. खाली पांढरा कागद, वर पांढरा दिवा. लाईन जाईल हे गृहीत धरून चार्जिंगचा दिवा भरून ठेवा. बैठकीच्या खोलीत उदबत्ती नको, डासांची कॉइल नको, चुलीचा धूर येतो ती बाजू नको. येणाऱ्या प्रत्येकाला फोन करून स्पष्ट सांगा: दुपारनंतर खर्रा बंद. सुगंधी तंबाखू आणि सुपारीने जीभ इतकी आवळते की वाइनचा तुरटपणा कळतच नाही. संत्र्याचा हंगाम असतो, पण सोललेल्या संत्र्याचा वास बोटांना तासभर राहतो, तेव्हा तीही नंतर.

वासाच्या ओळखीसाठी वाट्या मांडा: मनुका, सुके अंजीर, काळी मिरी, लवंग, आणि मिळालीच तर वाळलेली मोहफुलं. मेळघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला मोहाचा गोड, जड वास लहानपणापासून पाठ असतो; शिजलेली वाइन ओळखायला मला त्याहून चांगली खूण सापडलेली नाही. वयाने उतरलेल्या चांगल्या झिनफँडेलमध्ये अंजिराच्या मागे चामडं, तंबाखूचं पान, देवदाराचं लाकूड असं काहीतरी थरांनी येत जातं. उन्हाची वाइन एकच गोड वास देऊन थांबते, आणि शेवट सपाट.

बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आकडे टाका आणि न चाखणाऱ्या घरच्या कुणाला तरी ओतायला सांगा. प्रत्येकाला ५० मिली पुरे. पहिल्या फेरीत सगळ्यात जुनी आधी, कारण तरुण झिनफँडेलच्या धसमुसळ्या फळापुढे ती गप्प होते. तापवलेली बाटली नेमकी तिच्या पाठोपाठ. रंग, वास, चव, शेवट असे चार रकाने आखलेला कागद प्रत्येकापुढे ठेवा, आणि सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी बोलू नये, विशेषतः कॅलिफोर्नियाहून आलेला पाहुणा. थुंकायला स्वच्छ पिकदाणी हवीच. अर्ध्या तासाने दुसरी फेरी उलट क्रमाने.

मधे फक्त पाणी आणि साधी ज्वारीची भाकर. सावजी मटण शिजत असेल तर गंजावरचं झाकण कागद गोळा होईपर्यंत उघडू नका. अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं. जेवणाबरोबर तरुण बाटली चालेल, मटणातलं तिखट बेताचं ठेवा. मोटरसायकलच्या किल्ल्या आल्या आल्या घेऊन ठेवा, अंथरुणं आधीच काढून ठेवा. उरलेल्या बाटल्या बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी चहाआधी आकडे न बघता पुन्हा हुंगा. तापवलेली कोणती, हे तेव्हा रात्रीपेक्षा लवकर कळतं.