‘स्वतः विचार करा रे!’ एवढ्याने भागत नाही: शिक्षकांनो, या चुका टाळा

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ म्हणून एक कृती असते. नावाप्रमाणे तिथे मुलाने स्वतःचं मत लिहायचं. बाजारातल्या गाईडांमध्ये या स्वमताची तयार उत्तरं छापून येतात आणि मुलं ती घोकतात. पेपर तपासायला घेतले की चाळीस मुलांचं स्वतःचं मत स्वल्पविरामासकट एकच! मी स्टाफरूममध्ये यावर पुष्कळ हसलोय. मग एका वर्षी एका मुलीची जुनी वही चाळताना दिसलं, की ‘स्वमत – मुद्दे’ असं शीर्षक देऊन पाच मुद्दे फळ्यावर मीच लिहून दिले होते. खाली तारीखही होती.

एकोणीस वर्षं हायस्कूलवर विज्ञान शिकवतोय. मराठीचे तास कुणी रजेवर गेलं की येतात. मुलांनी स्वतःच्या डोक्याने विचार करावा, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत आलंय, आणि तो त्यांनी करू नये याची व्यवस्थाही बऱ्याचदा मीच केली आहे. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका माझ्या हातून झालेल्या आहेत, एकदा नव्हे, अनेकदा.

प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच द्यायचं

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून एक साधी गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात? साधारण एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर प्रश्न पुन्हा, नाहीतर दुसऱ्या मुलाकडे, नाहीतर स्वतःच उत्तर. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा उत्तरं लांबली, गप्प बसणाऱ्यांची संख्या घटली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागली.

तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. वर्गात थांबून बघा. दुसऱ्या सेकंदाला हात खडूकडे जातो. मी आता प्रश्न विचारला की खडू टेबलावर ठेवतो आणि मनात एक ते पाच मोजतो.

यात एक दुसरं थांबणंही आहे, आणि ते बहुतेक जण विसरतात. मुलाने उत्तर दिल्यावर थांबायचं. ‘बरोबर, शाब्बास’ हे शब्द आपल्या तोंडून इतक्या झटकन निघतात, की त्या मुलाचं पुढचं वाक्य घशातच राहतं आणि बाकीच्या वर्गाला कळतं की झालं, आता विचार करायचं कारण उरलं नाही. शाबासकी द्या, पण जरा उशिरा. त्याआधी नुसतं ‘हं, मग?’ पुरतं.

जाता जाता: ‘समजलं का?’ हा प्रश्नच नाही. त्याला ‘हो सर’ एवढंच उत्तर असतं, तेही सुरात.

‘माझ्या मनात काय आहे ते ओळखा’

हा खेळ आपण इतका खेळतो, की तो खेळ आहे हेच विसरतो. माझा बटाट्याचा तास त्यातलाच. पुस्तक सांगतं, बटाटा हे खोड. मी विचारायचो, ‘बटाटा म्हणजे काय, मूळ की खोड?’ अर्धा वर्ग म्हणायचा मूळ. मी भुवया उंचावायचो. लगेच सगळा वर्ग म्हणायचा खोड. मुलं माझा चेहरा वाचत होती, बटाटा नाही. आणि मी समाधानाने फळ्यावर ‘खोड’ लिहायचो.

पुढे एका वर्षी काहीच न सांगता प्रत्येक बाकावर एक बटाटा आणि एक रताळं ठेवलं. ‘दोन्ही जमिनीखाली येतात. एक मूळ आहे, एक खोड. कुठलं कोणतं, आणि कशावरून?’ एवढाच प्रश्न. एक जण म्हणाला, ‘जमिनीखालचं सगळं मूळच.’ त्याच्या मागच्या बाकावरून लगेच, ‘मग भुईमूग? तो पण जमिनीतच येतो.’ त्यावर शेतातला पोरगा म्हणाला, ‘भुईमुगाचं फूल वर येतं, तिथनं आऱ्या खाली जातात, मग शेंग धरती. ते मूळ कसलं?’ हे ज्ञान वर्गात होतंच. मी एवढी वर्षं त्याला विचारलं नव्हतं, इतकंच.

मग कुणीतरी बटाट्याच्या डोळ्यांचा विषय काढला. बेणं कापताना प्रत्येक फोडीला डोळा ठेवतात, तिथून कोंब येतो. म्हणून नियम ठरला: कोंब फुटतो ते खोड. मी खूश. पुस्तकापर्यंत पोचलो! तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, ‘आमच्या घरी रताळ्याला पण कोंब फुटलेत.’

खरंच फुटतात. आणि त्या क्षणी मला उत्तर माहीत नव्हतं. मी म्हणू शकलो असतो, ‘ते सोड, पुस्तकात खोड दिलंय.’ दहा वर्षांपूर्वी तसं म्हणालोही असतो. त्या दिवशी म्हणालो, ‘मलाही माहीत नाही. उद्या बघू.’ दुसऱ्या दिवशी टाचण्या आणल्या. बटाट्याच्या प्रत्येक डोळ्यात एक टाचणी टोचली, टोकाकडून क्रमाने दोरा ओढला, तर दोरा गोल गोल फिरत खाली आला, फांदीवर पानं येतात तसा. प्रत्येक डोळ्याखाली भुवईसारखी बारीक रेघ, म्हणजे पानाच्या जागेची खूण. रताळ्यावर अशा खुणा नाहीत, क्रमाने मांडलेले डोळेही नाहीत. बारीक तंतुमुळं मात्र आहेत. त्याला कोंब फुटतात, पण पेरांवरून, म्हणजे खोडावर पान येतं त्या जागांवरून, नव्हे. मुलांनी नियम स्वतः खोडला आणि नवा लिहिला: क्रमाने मांडलेल्या डोळ्यांतून कोंब येतो ते खोड.

एका ओळीच्या माहितीला दोन तास गेले, हे कबूल. सगळ्या धड्यांना असं करता येत नाही आणि करूही नये. वर्षभरात असे सहा-सात बटाटे निवडा, बाकीचं सरळ शिकवा. सरळ शिकवणं हे काही पाप नाही. आपल्याकडे नवी पद्धत आली की जुन्याला एकदम वाईट ठरवायची हौस असते. २०१५ नंतर ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं या विचाराची, लाट आली, तेव्हा किती शाळांच्या फरश्या रंगल्या! फरशीवर बसून मुलं काय बोलतात, हे मात्र फार थोड्यांनी ऐकलं.

चुकलेल्या उत्तराला लाल फुली आणि पुढे

५२ वजा २७ बरोबर ३५. हे उत्तर प्रत्येक शाळेत सापडतं. फुली मारून आपण ‘हातचा विसरलास’ म्हणतो. मुलाला जवळ बोलावून ‘कसं केलंस ते सांग’ म्हटलं, तर तो सांगतो: ‘सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.’ का बरं सातातून दोन? ‘मोठ्यातून लहान वजा करायचं असतं ना!’ हा नियम त्याला कुणी शिकवला? आपणच, पहिली-दुसरीत, सोयीसाठी. पोराने आपली आज्ञा तंतोतंत पाळली आहे. असंच ०.२५ हे ०.३ पेक्षा मोठं वाटतं, कारण २५ हे ३ पेक्षा मोठे, आणि हेही आम्हीच पढवलेलं.

चुकीच्या उत्तरामागे बहुतेक वेळा एक विचार असतो. तो न ऐकता फुली मारली, की मूल एकच धडा घेतं: विचार करणं धोक्याचं, रीत लक्षात ठेवणं बरं. फ्रान्समध्ये १९८० च्या सुमारास ग्रेनोबलच्या गणित-शिक्षण संस्थेने लहान मुलांना एक गणित घातलं होतं. बोटीवर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दिलं. मी आठवीला एसटीतले प्रवासी आणि कंडक्टरचं वय असं करून बघितलं. उत्तरं आली, शिवाय खाली दोन रेघा मारून. एका मुलाने दबक्या आवाजात शेजाऱ्याला विचारलं, ‘असं कसं रे?’ पण हात वर केला नाही.

उपाय सोपा आहे. बरोबर उत्तरालाही ‘कसं काढलंस?’ विचारा. फक्त चुकल्यावरच विचारलं तर ‘कसं काढलंस’ म्हणजे ‘चुकलं’ असा अर्थ मुलं दोन दिवसांत शिकतात.

तेच चार हात

पुढच्या बाकावरचे चार हात वर येतात, तास छान रंगतो, आणि आपल्याला वाटतं वर्ग विचार करतोय. गटकार्यातही तेच होतं: एक लिहितो, दोघं बघतात, चौथा पेन्सिलीला टोक करतो. आधी प्रत्येकाने एकट्याने दोन ओळी वहीत लिहायच्या, मग शेजाऱ्याला वाचून दाखवायच्या, मग गटात बोलायचं. हा क्रम पाळला की निम्मी अडचण जाते. नावं लिहिलेल्या आइसक्रीमच्या काड्या डब्यात ठेवून एकेक काढत गेलं तरी चालतं, पण लिहायला वेळ दिल्यानंतरच. नाहीतर ती काडी म्हणजे छडीच.

‘सगळ्यांचंच बरोबर’

ही उत्साही शिक्षकाची चूक, आणि मला ती वरच्या सगळ्यांपेक्षा जास्त खटकते. मुलांना मोकळं करायचं म्हणून आपण कुठल्याही मताला ‘वा, छान’ म्हणतो. सापाला दूध आवडतं, ग्रहणात गर्भवतीने भाजी चिरू नये, आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तिन्ही ‘वा, छान’! स्वतः विचार करणं म्हणजे मनाला येईल ते बोलणं नव्हे. मराठीत आपल्याकडे एक फार कामाचा शब्द आहे, ‘कशावरून’. मत कुठलंही असू द्या, त्याच्यापुढे हा शब्द ठेवा. आवाज मात्र सांभाळा. हाच शब्द वकिली सुरात आला तर मूल गप्प होतं. खरोखर जाणून घ्यायच्या सुरात आला तर बोलतं. आणि मग तो शब्द मुलांना आपल्यावरही वापरू द्या. ‘आगाऊ’ हे आपलं ठेवणीतलं उत्तर आहे. ते वर्षातून एकदा जरी दिलं, तरी वर्षभर कुणी विचारत नाही.

आपलं मत मुलांच्या तोंडून वदवणं

पुरोगामी म्हणवणाऱ्या शिक्षकाला हा मोह जास्त. रूढी सोडा म्हणायचं आणि त्या जागी स्वतःला बसवायचं. पोरं आधी पुस्तकाची री ओढत होती, आता सरांची ओढतात.

इथे मला कोलकात्याच्या हेन्री डिरोझिओंची आठवण येते. हिंदू कॉलेजात हा शिक्षक विशीच्या आतच शिकवायला लागला. विद्यार्थ्यांनी प्रत्येक गोष्टीची चिकित्सा करावी, हा आग्रह. मुलं घरच्या रूढींना प्रश्न विचारू लागली, पालक खवळले, आणि १८३१ मध्ये डिरोझिओंना कॉलेज सोडावं लागलं. नास्तिकपणा शिकवल्याच्या आरोपावर त्यांनी पत्रातून जे उत्तर दिलं, त्यातला एक मुद्दा प्रत्येक शिक्षकाने बघण्यासारखा आहे. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी शंका घेणारा तत्त्वज्ञ ह्यूमचा संवाद मी मुलांना दाखवला, पण ह्यूमला रीड आणि ड्यूगल्ड स्ट्युअर्ट या तत्त्वज्ञांनी दिलेली उत्तरंही दाखवली, असं ते म्हणाले. त्याच वर्षाअखेर पटकीने ते गेले, वय अवघं बावीस. त्यांच्या शिष्यांचं वागणं सगळंच शहाणपणाचं होतं असं नाही. चिडवण्यासाठी म्हणून केलेल्या गोष्टीही त्यात होत्या. पण दोन्ही बाजू टेबलावर ठेवण्याची ती रीत मला फार मोलाची वाटते.

मी एक पथ्य पाळतो. चर्चा चालू असेपर्यंत माझं मत सांगत नाही. शेवटी कुणी विचारलं तर सांगतो, आणि त्याच्या विरुद्धची सगळ्यांत चांगली बाजूही तिथेच सांगतो. मुलांना दुसरी बाजू पटली की आतून थोडं दुखतं, हे खरं.

हे सगळं केलं तरी गाडी अडते, तेव्हा

वर्ग मुका बसला, तर प्रश्न फार मोठा झाला आहे. ‘प्रदूषणाबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ याला कोण काय बोलणार? ‘आपल्या ओढ्याचं पाणी पुलाच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला वेगळं का दिसतं?’ याला बोलतात.

मुलं ‘सर, उत्तर लिहून द्या ना’ म्हणून मागे लागली, तर त्यांच्यावर चिडू नका. आठ वर्षं त्यांना तसंच दिलंय. एकदम हात काढून घेतला तर ती घाबरतात, हुशार मुलं तर जास्तच, कारण जुन्या खेळात ती जिंकत होती. आठवड्यातून दोनदा, दहा-दहा मिनिटांपासून सुरुवात करा. पोर्शन बुडत नाही.

गुणांचंही बघा. वर्गात मोकळं बोलायला सांगायचं आणि चाचणीत गाईडच्या शब्दांना पैकीच्या पैकी द्यायचे, तर मुलं चाचणीवर विश्वास ठेवतात. माझ्या घटक चाचणीत आता एक प्रश्न असा असतो, ज्यात उत्तर बरोबर की चूक यापेक्षा दिलेल्या कारणाला गुण आहेत. तपासायला वेळ लागतो. रविवार जातो.

आणि पालक. ‘पोरगी घरी उलट बोलायला लागली, आजीला पण कशावरून विचारते,’ ही तक्रार येणारच, म्हणून ती येण्याआधी जूनच्या पालकसभेत मीच विषय काढतो. गेल्या वर्षी हे सगळं समजावून झाल्यावर मागे उभा असलेला एक बाप म्हणाला, ‘ते ठीक आहे सर, पण यानं दहावीला मार्क वाढतात, हे कशावरून?’

मी मनात पाचपर्यंत मोजलं. मग त्याला चाचणीचे पेपर दाखवायला स्टाफरूममध्ये घेऊन गेलो.