आधारची झेरॉक्स देण्यापूर्वी

पाळतीचा विषय निघाला की फोन टॅपिंग आणि चौकातले कॅमेरे आठवतात. मात्र ज्या क्रमांकावरून आपला माग सर्वांत सहज काढता येतो, तो आपण स्वतःच लॉजच्या काउंटरवर, सिमकार्डाच्या दुकानात आणि सोसायटीच्या कार्यालयात झेरॉक्स काढून देत असतो. एकच क्रमांक दहा ठिकाणी नोंदला गेला, की त्या दहा नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत.

म्हणून आधार मागितले की आधी प्रयोजन विचारावे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात पॅन, प्राप्तिकर विवरणपत्र आणि सरकारी अनुदान यांसाठीची आधारसक्ती कायम राहिली, तर बँक खाते व सिमकार्ड यांसाठीची सक्ती रद्द झाली. लॉजवर वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र पुढे करावे. ‘आधारच लागेल’ हे उत्तर बहुधा नियमातून नव्हे, सवयीतून आलेले असते.

आधार द्यायचेच झाले तर मास्क्ड प्रत द्यावी. ‘मायआधार’ संकेतस्थळावर ओटीपीने प्रवेश करून आधार डाउनलोड करताना मास्क्डचा पर्याय निवडला, की बारापैकी शेवटचे चार अंकच दिसतात. फाइल उघडण्याचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि त्यापुढे जन्मवर्ष. प्रतीवर तारीख आणि ‘केवळ अमुक कामासाठी’ असे अक्षरांवरून जाईल अशा बेताने लिहावे. क्रमांक टाकून पडताळणी करायची असेल तेथे सोळा अंकी व्हर्च्युअल आयडी वापरता येतो. नवा तयार केला की जुना बाद होतो, त्यामुळे त्याच्या आधारे मूळ क्रमांकाप्रमाणे वर्षानुवर्षे माग काढता येत नाही.

सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे बायोमेट्रिक लॉक, म्हणजे अंगठा वा डोळ्यांवरून होणारी आधारची पडताळणी बंद करून ठेवणे. बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या वतीने व्यवहार करणाऱ्या प्रतिनिधीकडे, आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात, ओटीपी लागत नाही. आणि नोंदणीकृत दस्तांवरील ठशांवरून नकली अंगठे बनवून खाती रिकामी केल्याचे प्रकार देशात उघडकीस आले आहेत. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. लॉक त्याच संकेतस्थळावर किंवा एमआधार ॲपमध्ये लावता येते आणि गरजेपुरते तात्पुरते उघडताही येते. घरातील वडीलधाऱ्यांचे लॉक मात्र त्यांना न सांगता लावू नये, कारण रेशन दुकानात अंगठा नाकारला गेला की त्यांना रिकाम्या हाताने परतावे लागते आणि कारणही कळत नाही.

या उपायांनी खासगी दुकानदार आणि भामटे दूर राहतात, प्रत्यक्ष सरकारची नजर नव्हे. प्रत्येक पडताळणीची नोंद आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे (यूआयडीएआय) राहतेच. या नोंदी पाच वर्षांपर्यंत जपून ठेवण्याची तरतूद होती. ती २०१८ च्या निकालाने सहा महिन्यांवर आणली, आणि माझ्या मते त्या निकालातील हा भाग जितका गाजायला हवा होता तितका गाजला नाही.

तीच सहा महिन्यांची नोंद आपल्यालाही पाहता येते. ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’ या सदरात तारीख, वेळ, पडताळणीचा प्रकार आणि करणाऱ्या संस्थेचे नाव दिसते. दर दोन-तीन महिन्यांनी ती एकदा वाचावी. अनोळखी नोंद आढळली तर आधी लॉक लावावे, नंतर १९४७ या आधारच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी. पैसे गेले असल्यास बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे.