मजरा म्हणजे वाडी नव्हे

ऑटोमन काळातल्या जेरुसलेमच्या म्हणजे कुद्सच्या सांजाकवर (जिल्ह्यावर) काम करायचं ठरवलंत, तर तहरीर दफ्तर (गावागणिक कुटुंबप्रमुख आणि कर नोंदणारी सरकारी वही), तिमार (सेवेच्या बदल्यात नेमून दिलेलं महसुली उत्पन्न), नाहिये (सांजाकचा पोटविभाग) हे शब्द तुम्हाला ठाऊक असणारच. त्यांच्या खोलात जात नाही. ज्या एका शब्दापायी माझं दीड वर्ष गेलं, त्याबद्दल सांगते.

मोडी वाचलेल्या मराठी माणसाला तहरीर उघडलं की घरी आल्यासारखं वाटतं. दफ्तर, रयत, काझी, कानून, जमा, सगळं ओळखीचं. आणि तिथेच पाय घसरतो. आपल्याकडे ‘मौजे अमुक, मजरे तमुक’ असं लिहिलेलं असतं. मजरे म्हणजे मोठ्या गावाला जोडलेली वाडी. दफ्तरात ‘कर्ये’च्या, म्हणजे गावाच्या, खालोखाल ‘मझरा’ दिसला आणि मी बिनदिक्कत वाडी म्हणून मोजला. त्याखाली कुटुंबप्रमुखांची नावं नव्हती. मला वाटलं, ती शेजारच्या गावात धरली असतील. मग प्रत्येक मझऱ्यामागे पाच घरं धरली, घरामागे पाच माणसं धरली आणि नाहियेची लोकसंख्या काढली. प्रकरण लिहून झालं, वाचून दाखवलं, कुणी हटकलं नाही.

मूळ अरबी शब्दाचा अर्थ पेरणीची जमीन. दफ्तरातला मझरा म्हणजे पीक आहे, वसूल आहे, पण नोंदलेली वस्ती नाही अशी जागा. बहुतेक वेळा शेजारच्या गावची रयत येऊन पेरून जाते. कित्येक मझरे ही उठलेली गावं. अशी नोंद करताना तिथे जुन्या घरांचे अवशेष, स्वतंत्र पाणी आणि कबरस्तान आहे का, हे पाहण्याचा दंडक होता. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या जागेची ओळख तिच्या कबरस्तानावरून पटवली जात होती, तिथे मी पंचवीस जिवंत माणसं बसवली होती. शिवाय एका तहरीरात मझरा असलेली जागा पुढच्या तहरीरात गाव होते आणि गावाचा मझराही होतो. वस्ती हलते, नाव तिथेच राहतं. दोन दफ्तरांची तुलना करताना हे सुटलं, तर ‘गावं वाढली’ हा निष्कर्ष पोकळ निघतो. माझा निघाला.

‘मिरी’चंही तसंच. ती अमीराची, म्हणजे सरकारची जमीन. रयतेला कसण्याचा हक्क, मालकी नाही. आपल्या मिराशीशी, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या जमिनीशी, तिचा काही संबंध नाही.

बाकीचे खड्डे भराभर सांगते. गावापुढचा आकडा हा अंदाजे ठरवलेला आकार, प्रत्यक्ष वसूल नव्हे. गहू, जव, ऑलिव्ह, शेळ्या, मधमाश्यांची पोळी असं सगळं मांडलेलं असतं. पिकातला सरकारी हिस्सा गावागणिक बदलतो, कुठे चौथा, कुठे तिसरा. एकाच गावाचं उत्पन्न 24 किरातांत, म्हणजे हिश्श्यांत, वाटलेलं असतं, काही तिमारीकडे (तिमार मिळालेल्याकडे), काही वक्फाकडे. 1552 च्या सुमारास सुलतान सुलेमानची पत्नी हुर्रेम सुलतान हिने जेरुसलेममध्ये अन्नछत्र घातलं आणि रमल्याकडची गावं त्याला लावून दिली. अशी गावं दोन ठिकाणी दिसली तर दोनदा मोजू नका.

तयार छापील तक्ते वापरू नका, असं माझं ठाम मत आहे. निदान पहिल्या वर्षी तरी नाही. उत्तरेकडच्या सफेद सांजाकचे आकडे बरीच वर्षं 1596 चे म्हणून वापरले गेले. ते दफ्तर 1548-49 चं असल्याचं अभ्यासक हॅरॉल्ड रोड यांनी दाखवून दिलं. जवळजवळ अर्ध्या शतकाचा फरक, आणि तक्त्यात तो दिसत नाही.

मार्गदर्शकाबद्दलही स्पष्ट बोलते. मोठ्या नावामागे धावू नका. आठवड्यातून दोन तास शेजारी बसून ओळीवर बोट ठेवणारा माणूस शोधा, मग तो तुमच्याहून दोनच वर्षं पुढचा का असेना. माझी चूक अशाच एका सीनियर मुलीने पकडली. तिने फक्त विचारलं, “यात नावं कुठे आहेत?”

दफ्तरातल्या हिशेबांच्या सियाकत लिपीची भीती मात्र बाळगू नका. नुक्ते नाहीत, आकडे म्हणजे अरबी संख्यावाचक शब्दांची आखडलेली रूपं. पहिले दोन महिने डोळ्यांत पाणी येतं. पण मोडी शिकलेल्या डोळ्याला संदर्भावरून अक्षर ओळखायची सवय असते आणि ती इथे फार उपयोगी पडते. मला जमलं, तुम्हालाही जमेल.

सुरुवात एकाच नाहियेपासून करा. पहिल्या तीस नोंदी हाताने उतरवा: नाव, गाव की मझरा, कुणाच्या शेजारी, कोण पेरतं, हिस्सा किती, उत्पन्न कुणाकडे. मझऱ्यासमोर लोकसंख्येच्या रकान्यात शून्य लिहू नका. सुगीपुरतं कुणी तिथे राहतही असेल, दफ्तराने ते नोंदलेलं नाही. तो रकाना कोराच ठेवा.