पिशवी ओता, ढीग लावा आणि मग बटाटा चढवा

शनिवारचा बाजार करून आलं की आमच्यात पिशवी सरळ फ्रिजकडं जात नाही, आधी सोप्यात जुना पेपर अंथरायचा आणि सगळी भाजी त्यावर ओतायची. मग माझी पोरगी आणि तिची आज्जी दोघी बसून ढीग लावतात. ढीग रंगावरून नाही, भावावरून पण नाही, ही भाजी म्हणजे झाडाचा कुठला भाग आहे त्यावरून. ऐकायला शाळेतला धडा वाटतोय पण एकदा हे जमलं की भाजी निवडणं, ठेवणं, शिजवणं सगळंच सोपं होतंय, आणि सगळ्यात जास्त फायदा होतोय बटाट्याच्या बाबतीत, कारण बटाटा आपण बहुतेक सगळे चुकीच्या ढिगात टाकतो.

बेळगाव भागात राहिल्याचा एक फायदा आहे बघा, इथं दोन भाषा कानावर असतात आणि कन्नडनं ढिगांचं काम आधीच करून ठेवलंय. गणपत गल्लीत बसणाऱ्या अक्का भाजीला कायिपल्ले म्हणतात. कायी म्हणजे झाडाला, वेलाला लागतंय ते, आणि पल्ले म्हणजे पाल्याची भाजी. आपल्या भाजीपाल्याचाच जुळा भाऊ. आता नावं ऐका: वांगं बदनेकायी, दोडका हिरेकायी, कारलं हागलकायी, शेवग्याची शेंग नुग्गीकायी, म्हणजे शेपटीला कायी आलं की ते फळ. कांदा उळ्ळागड्डी आणि बटाटा आलूगड्डी, म्हणजे गड्डी आलं की जमिनीतला गड्डा. लहान पोरांना हे सांगून बघा, दोन मिनिटात पाठ होतंय. फक्त एक सांभाळा, चवळीकायी मागितली तर हातात गवार पडते, आपली चवळी नाही. नवीन सून किंवा बदलीवर आलेली माणसं इथं हमखास फसतात.

पहिला ढीग पाल्याचा. मेथी, शेपू, पालक, लाल माठ, अंबाडी (म्हणजे इकडची पुंडी), कोथिंबीर. हे सगळ्यांना येतंय. पण याच ढिगात कोबी पण टाकायचा, कारण कोबी म्हणजे एकावर एक घट्ट बसलेली पानंच की. आणि आता जरा नवल वाटेल, कांदा पण इथंच. कांदा उभा चिरा आणि नीट बघा, खाली जिथनं मुळं फुटलेली असतात तो जो कडक चकतीसारखा भाग आपण कापून टाकतो तेवढंच खरं खोड, बाकीचे सगळे पदर म्हणजे पानांचे फुगलेले बुडखे. लसूण पण त्याच घरातला. गड्डा जमिनीत होता म्हणून तो मूळ होत नाही, ही गोष्ट कांद्यापासून लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसरा ढीग फळांचा आणि हा सगळ्यात मोठा होतोय. नियम एकच, चिरल्यावर आत बी दिसलं पाहिजे. टोमॅटो, वांगं, भेंडी, ढब्बू मिरची, हिरवी मिरची, काकडी, दुधी, दोडका सगळे इथं. गवार, बीन्स अशा शेंगा पण फळंच, मटारमध्ये मात्र आपण शेंग टाकतो आणि बी खातो. फुलांच्या ढिगात फ्लॉवर, केळफूल, कधी मिळाली तर शेवग्याची फुलं, संपलं.

आता जमिनीखालच्या भाज्या. इथं घाई करायची नाही. सगळे जण गाजर, मुळा, बीट, रताळं, बटाटा, आलं, सुरण एकत्र ढकलतात आणि कंदमुळं म्हणून मोकळे होतात. पण या शब्दातच दोन गोष्टी आहेत, कंद वेगळा आणि मूळ वेगळं. गाजर, मुळा, बीट, रताळं ही मुळं. बटाटा, आलं, ओली हळद, सुरण, अळूचे गड्डे ही खोडं. हो, बटाटा हे खोड आहे. जमिनीखाली आडव्या जाणाऱ्या फांदीचं टोक फुगतंय आणि त्याचा बटाटा होतोय. त्यामुळं आमच्या पेपरवर बटाट्याच्या शेजारी नवलकोल बसतोय, तो जमिनीच्या वर असतोय पण तो पण फुगलेलं खोडच, आणि रताळं जाऊन गाजरापाशी बसतंय.

पटत नसेल तर एक बटाटा हातात घेऊन त्याचे डोळे बघा. प्रत्येक डोळा म्हणजे एक कोंब फुटायची जागा, डोळ्यावर भुवईसारखी बारीक रेघ असते, तिथं एक इवलं खवल्यासारखं पान होतं. हे डोळे कसेही नसतात, गोल जिन्यासारखे फिरत एका टोकाकडं जातात आणि तिथं दाटीनं येतात, जसे फांदीच्या शेंड्याला डोळे जवळजवळ असतात तसे. आता रताळं घ्या. असे रांगेतले डोळे शोधून सापडणार नाहीत, एका टोकाला वेलाची खूण आणि दुसऱ्या टोकाला निमुळती शेपटी, मध्ये कुठं कुठं बारीक केसमुळं. शेतात पण हाच फरक दिसतोय. कडोली, काकती बाजूला पावसाच्या तोंडाला बटाटा लावतात तेव्हा डोळा राखून फोडी करतात, डोळा नसलेली फोड लावून काही उगवत नाही. आणि खानापूर तालुक्यात, बेळगावच्या पश्चिम भागात लाल मातीत रताळी लावतात ती वरंब्यावर वेलाचे तुकडे खोचून. एक फांदी पुरून फांदी वाढवतोय, दुसरा वेल लावून मूळ पोसतोय.

आणि गंमत अशी की बटाटा हे नाव मुळात रताळ्याचं आहे! पोर्तुगीज लोक समुद्रापलीकडनं आले तेव्हा कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा बटाटा हा शब्द घेऊन आले आणि तो शब्द त्या लोकांत रताळ्यासाठी होता, पुढं अँडीज डोंगरातला आपला हा गड्डा आला त्याला पण तेच नाव चिकटलं, आणि गोव्यामार्गे ते आपल्याकडं आलं. रताळ्याच्या शास्त्रीय नावात आजही बटाटास आहेच, इपोमिया बटाटास. पण नात्यानं दोघं एकमेकांचे कोणीच नाहीत. बटाट्याचं घराणं वांगं, टोमॅटो, मिरचीचं, आणि रताळं मॉर्निंग ग्लोरीच्या वेलांच्या घरातलं, त्याचं फूल बघितलंय का कधी, भोंग्यासारखं फिकट जांभळं, लगेच पटेल.

आता याचा स्वयंपाकाला काय उपयोग ते सांगतो. बटाटा खोड आहे म्हणून उजेड लागला की तो हिरवा पडतोय. तो हिरवा रंग पानातलाच असतोय, त्याचा त्रास नाही, पण त्याच उजेडानं सालीखाली सोलॅनिन नावाचं कडू विष पण वाढतंय आणि ते उकडून, तळून जात नाही. म्हणून शेतकरी बटाट्याच्या बुडाला माती चढवतोय. घरात पण तेच करायचं, पोत्यात किंवा बुट्टीत घालून अंधाऱ्या, वारा लागणाऱ्या जागी ठेवा. थोडा हिरवा असेल तर तेवढा भाग जाड कापून टाका, जास्त हिरवा किंवा चवीला कडू असेल तर अख्खा टाकून द्या, तिथं काटकसर नको. फ्रिजमध्ये कच्चा बटाटा अजिबात ठेवू नका, थंडीनं आतल्या पिठाची साखर होते आणि तळला की काळपट तांबूस होतोय. एकदा पाहुणे येणार म्हणून चार दिवस फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्याच्या काचऱ्या केलेल्या, बाहेरनं करपल्यासारख्या आणि चवीला गोडूस, सगळ्यांचा हिरमोड झाला. तेव्हापासून आमच्यात बटाट्याची जागा फळीखाली, पोत्यातच.

खरेदीला गेला की जवारी, म्हणजे इथला गावरान बटाटा, आहे का विचारा. इंदूर, आग्रा बटाटा मोठा, देखणा आणि वर्षभर मिळतोय, त्याला मी नावं ठेवत नाही, वड्याला, भज्याला तोच घेतो. पण ऑगस्टच्या पुढं इथला नवीन जवारी बटाटा येतोय, लाल माती चिकटलेला, अंगठा फिरवला की साल निघते इतका कोवळा, त्याची चव वेगळीच. घरातला बटाटा पिठूळ की चिकट हे कळत नसेल तर एका वाटी मिठाला 11 वाट्या पाणी असं मिठाचं पाणी करा आणि त्यात सोडा. बुडला तर पिठूळ, कुस्करायच्या भाजीला चांगला. तरंगला तर चिकट, रस्स्यात फोड मोडणार नाही.

नवीन जवारी बटाट्याला काहीच करू नका असं माझं मत आहे. लिंबाएवढे अर्धा किलो निवडा, घासून धुवा, सालासकट अर्धे करा. लोखंडी कढईत तीन पळ्या तेल, मोहरी, ठेचलेला लसूण 8-10 पाकळ्या, कढीपत्ता, हळद, दीड चमचा तिखट, मीठ आणि बटाटे. वर ताट झाका आणि ताटात पाणी ओता, त्या वाफेवरच 15 मिनिटात भाजी होते, आत एक थेंब पाणी घालायचं नाही. मधनं दोनदाच उलथनं फिरवा, तळाला लागून तांबूस झालेला भाग हीच खरी मजा आहे. ज्वारीची भाकरी असेल तर दुसरं काही वाढायची गरज नाही.

रस्सा मात्र आमच्यात आईच करते आणि तिच्या हाताखाली उभं राहून शिकलोय. दोन कांदे उभे चिरून तेलावर तांबूस करायचे, अर्धी वाटी सुकं खोबरं, एक चमचा तीळ, एक चमचा धने वेगळे भाजायचे, लसूण आणि आल्याबरोबर बारीक वाटायचं. तिखट दोन मिरच्यांचं मिसळून असतंय, संकेश्वरी झणक्यासाठी आणि ब्याडगी रंगासाठी. वाटण तेलात तेल सुटेपर्यंत परतायचं, तिखट घालायचं, लगेच बटाट्याच्या मोठ्या फोडी आणि वर उकळतं पाणी, गार पाणी घातलं की तर्री बसते. आता महत्त्वाचं: टोमॅटो किंवा चिंच आधी घालायची नाही. आंबटपणानं बटाट्याची फोड मऊ व्हायची थांबते, अर्धा तास उकळलं तरी मध्ये कचकच राहते आणि आपण बटाट्याला दोष देतो. फोडीत सुरी आरामात गेली की मग चिंचेचा कोळ, चिमूटभर गूळ, पाच मिनिटं उकळी, बस्स. आई दोन फोडी पळीनं कुस्करून रस्स्यात सोडते, त्यानं रस्सा दाट होतोय, पीठ लावायला लागत नाही. भातावर घ्या, दुसऱ्या दिवशी शिळा तर अजून चांगला.

पुरीबरोबर आणि डोशात जी पिवळी भाजी, तिला इकडं मराठी घरात पण पल्या म्हणतात. बटाटे सालासकट, गार पाण्यातच चढवायचे, उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरनं फुटतात आणि मध्ये कच्चे राहतात. फोडणीत मोहरीच्या मागोमाग एक चमचा हरभरा डाळ, एक चमचा उडीद डाळ तांबूस होईपर्यंत, कढीपत्ता, मिरचीचे तुकडे, मग भरपूर उभा कांदा, तो नुसता मऊ करायचा, लाल नाही. हळद, मीठ, हातानं फोडलेला बटाटा आणि अर्धी वाटी पाणी. हे पाणी विसरू नका, त्याशिवाय भाजी कोरडी होते आणि पुरीबरोबर घशात अडकते. गॅस बंद केल्यावर लिंबू. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना ही डाळ दाताखाली आली की नवल वाटतंय, पण आमच्या पोरांना डाळ नसेल तर भाजी अर्धवट वाटते.

एकादशीला, नवरात्रात, शिवरात्रीला बटाटा आणि रताळं दोघं परत एका ताटात येतात. बटाट्याची भाजी जिरं, हिरवी मिरची, तूप आणि शेंगदाण्याच्या कूटात, ती सगळ्यांना येते. रताळ्याला मात्र वेळ द्यावा लागतोय. रताळं हळू तापलं की साधारण 60 ते 75 अंशाच्या मध्ये त्याच्यातलंच एक द्रव्य पिठाची साखर करत बसतंय, म्हणून कुकरच्या दोन शिट्ट्यात झालेलं रताळं फिकं लागतंय आणि चुलीतलं गोड. गावाकडं चूल असेल तर स्वयंपाक झाल्यावर विस्तव बाजूला ओढा, गरम राखेत अख्खी रताळी पुरा आणि पाऊण तास तिकडं बघू पण नका. गॅसवाल्यांनी जाड तव्यावर झाकण ठेवून एकदम बारीक आचेवर, दर दहा मिनिटांनी कूस बदलत भाजा. साल सुरकुतली आणि टोकाला काळा चिकट पाक आला की काढायचं, राख झटकायची, मधनं फोडायचं आणि वाफ जायच्या आत वर लोण्याचा गोळा.