गावात काविळीचे रुग्ण निघाले तर

एकाच वस्तीत आठ-पंधरा दिवसांत दोन-तीन जणांचे डोळे पिवळे झाले, की साथ धरूनच चाला. अशी साथ बहुधा यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस ए किंवा ई विषाणूची असते आणि दोन्ही दूषित पाण्यातून येतात. विषाणू पोटात गेल्यावर कावीळ दिसायला दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. म्हणजे पोळ्याला दिसलेली कावीळ आषाढातल्या पाण्याची. त्यामुळे "काल काय खाल्लं?" हा प्रश्न फुकट जातो. महिना-दीड महिन्यापूर्वी पाणी कुठून यायचं, कोणत्या लग्नात किंवा तेरवीत जेवण झालं, ते विचारा.

आधी यादी, मग ब्लीचिंग पावडर

आशाताईंना सोबत घेऊन घरोघर फिरा. नाव, वय, डोळे पिवळे झाल्याची तारीख, पाणी कोणत्या नळलाइनचं किंवा विहिरीचं आणि घरात कोणी गरोदर आहे का, एवढं वहीत घ्या. यादी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या. रुग्ण एकाच लाइनवर असतील तर गळती तिथेच शोधा. गावभर विखुरलेले असतील तर संशय विहिरीवर किंवा टाकीवर.

पाइप नालीतून गेलेला असतो तिथे आणि व्हॉल्व्हच्या खड्ड्यात बहुतेकदा चोर सापडतो. पाणी सुरू असताना गळती बाहेर वाहते, पाणी बंद झालं की रिकामा पाइप त्याच भोकातून नालीचं पाणी आत ओढतो. नळाला टिल्लू पंप (पाणी ओढणारी छोटी मोटर) लावले की हे ओढणं आणखी वाढतं. सकाळी नळाला येणारं पहिलं गढूळ पाणी म्हणजे हेच. ते भरायचं नाही.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायचं

विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली फुटांत मोजा. व्यास गुणिले व्यास, गुणिले खोली, गुणिले २२, एवढे लिटर पाणी. १२ फूट व्यास आणि १० फूट पाणी असेल तर साधारण ३२,००० लिटर. ताज्या, ३३ टक्के क्लोरीनच्या पावडरीचं प्रमाण १,००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे इथे ८० ग्रॅम. पाणी गढूळ असेल किंवा साथ सुरू असेल तर दुपटीपासून सुरुवात करा, कारण गाळच बरंचसं क्लोरीन खाऊन टाकतो.

कोरडी पावडर थेट विहिरीत फेकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करा, पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता, चुना फेकून द्या. निवळीची बादली दोराने पाण्यात बुडवून खाली-वर, आजूबाजूला हलवा. हे काम रात्री, पाणी भरणं थांबल्यावर करा, म्हणजे निदान तासभर पाणी तसंच राहील. तोंडाला रुमाल बांधा.

आता ओ.टी. परीक्षा, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या द्रावणाने पाण्यातलं क्लोरीन तपासणं. नळीत पाणी घेऊन ओ.टी.चे थेंब टाकले की लगेच पिवळा रंग यायला हवा. ही परीक्षा विहिरीवर करून भागत नाही, लाइनच्या शेवटच्या घरी करा आणि तिथे लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळायला हवं. रंग आला नाही, तर पावडर वाढवा किंवा पावडरच पाहा. उघड्या पोत्यात, ओलीत, उन्हात पडलेल्या टीसीएलचा जोर उतरतो. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात गेल्या वर्षीपासून पडलेलं पोतं वजनालाच भरतं.

गळती बुजवल्यावरही महिना-दोन महिने नवे रुग्ण दिसत राहतील. ते आधीच पाणी प्यालेले लोक आहेत. "टीसीएल टाकूनही कावीळ थांबत नाही" म्हणून काम सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून.

घरी पाणी खळखळ उकळून मिनिटभर तसंच राहू द्या किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) बाटलीवरच्या प्रमाणात टाका. तुरटीने गाळ बसतो, विषाणू मरत नाही. खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, घरोघरी येणाऱ्या थंड जारवर डोळे मिटून भरवसा नको. आरो (आर.ओ.) यंत्राने गाळलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, जार घाण असेल तर तेही बाधतं. गुंडात हात बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी हात साबणानेच धुवा.

रुग्णाचं काय

ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, म्हणूनच माळ घालून, रस टाकून कावीळ उतरवणाऱ्यांची दुकानं चालतात. माळ लांबते ती काड्या वाळून गाठी सैल होतात म्हणून. नाकात देवडांगरी या रानवेलीचा रस टाकणं तर धोक्याचं, आतली त्वचा भाजून निघते. हळद-तेल पूर्ण बंद करायची गरज नाही. वरण-भात, भाकर, जमेल तसं थोडं थोडं खायला द्या. उसाचा रस हवाच असेल तर बर्फाशिवाय आणि स्वच्छ यंत्रावरचा. दारू बंद, मोहाचीसुद्धा. जडीबुटी किंवा तापाच्या गोळ्या मनाने देऊ नका.

सतत उलट्या, दिवसा झोप आणि रात्री जागरण, बडबड, हिरड्यांतून रक्त, यांतलं काहीही दिसलं की १०८ ला फोन करा. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई जीवघेणा ठरू शकतो. आणखी एक, आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांचे डोळे वरचेवर पिवळे होतात, त्यामुळे अशा माणसाची तपासणी वेगळी लागते.

बी आणि सी

हिपॅटायटिसचे हे दोन विषाणू पाण्यातून येत नाहीत. रक्तातून, वापरलेल्या सुईतून, न्हाव्याच्या जुन्या पात्यातून, जत्रेतल्या गोंदणातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला येतात. वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही, म्हणून रक्त तपासावं लागतं. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात विचारा. सी वर लस नाही, पण बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो. वारंवार रक्त चढवलेल्या सिकलसेलच्या रुग्णाने ही तपासणी करून घ्यावीच. बी वर लस आहे. बाळंतपणानंतर २४ तासांच्या आत बाळाला पहिला डोस मिळाला का, हे सुट्टी होण्याआधी कार्डावर पाहून घ्या. आईला बी असेल तर बाळाला लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) वेगळं इंजेक्शनही लागतं, ते कुठे मिळेल याची चौकशी सातव्या-आठव्या महिन्यातच करून ठेवा.