'ॲक्सेस डिनाइड': घरातल्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवरची फाइल उघडत नसेल तर

माझी वहिनी घरी दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. प्रश्नपत्रिका हॉलमधल्या डेस्कटॉपवर, कारण प्रिंटर त्यालाच जोडलेला. वहिनी मात्र आतल्या खोलीत लॅपटॉपवर काम करते. लॅपटॉपवरून डेस्कटॉपचं फोल्डर दिसायचं, त्यावर क्लिक केलं की 'तुम्हाला परवानगी नाही' असा निरोप यायचा. कुणीतरी येऊन शेअरिंगमध्ये 'एव्हरीवन – फुल कंट्रोल' करून गेलं होतं. तरी उघडेना. मग पेनड्राइव्ह घेऊन हॉल ते आतली खोली अशा फेऱ्या.

या घरात आणखी एक पेच होता. पुतण्या यंदा दहावीला आणि आईच्याच शिकवणीला बसणारा. म्हणजे फोल्डर वहिनीला उघडायला हवं आणि चिरंजीवांना उघडता कामा नये. 'सगळ्यांना सगळं' हा उपाय चालला असता तरी इथे उपयोगाचा नव्हता.

पुढच्या सगळ्या पायऱ्या विंडोज ११ धरून लिहिल्या आहेत. विंडोज १० मध्ये खिडक्या थोड्या वेगळ्या दिसतील, तत्त्व तेच.

आधी निरोप नीट वाचा

बहुतेक जण निरोप न वाचताच सेटिंग बदलायला लागतात. तो वाचला तर अर्धं काम होतं, कारण अडचण तीनपैकी एका ठिकाणी असते.

'नेटवर्क पाथ सापडला नाही' असं म्हणत असेल, सोबत शेवटी ३५ असलेला लांबलचक कोड असेल, तर लॅपटॉप डेस्कटॉपपर्यंत पोचलेलाच नाही. अशा वेळी परवानग्यांना हात लावू नका. नाव आणि पासवर्ड मागणारी चौकट पुन्हा पुन्हा येत असेल तर पोचलाय, पण डेस्कटॉप तुम्हाला ओळखत नाही. आणि फोल्डरचं नाव दिसतंय, क्लिक केल्यावर 'परवानगी नाही' येतंय, तर ओळख बहुधा पटलीय आणि आत सोडत नाहीये. रस्ता, ओळख, परवानगी. याच क्रमाने जायचं.

पायरी १: रस्ता आहे का?

डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही कमांड (इंग्रजी अक्षरांत, सलग) द्या. 'आयपीव्ही४ ॲड्रेस'समोर १९२.१६८.१.७ असा काहीतरी आकडा दिसेल. लॅपटॉपवरही हेच करा. घरगुती राउटरवर साधारणपणे पहिले तीन आकडे दोन्हीकडे सारखे असतात. एकीकडे १९२.१६८.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.० असेल तर घरात बहुधा दोन राउटर आहेत: एक इंटरनेटवाल्याने बसवलेला, दुसरा रेंज येत नाही म्हणून तुम्ही आणलेला. दोन्ही मशीन एकाच राउटरवर आणा. लॅपटॉप 'गेस्ट' वायफायवर असेल तर तोही मुख्य वायफायवर घ्या. गेस्ट नेटवर्क बहुधा घरातल्या इतर मशीनपासून पाहुण्याला लांब ठेवण्यासाठीच असतं.

मग डेस्कटॉपवर सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडा, जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि ते 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा. विंडोज नवीन नेटवर्कला सहसा पब्लिकच समजतं, म्हणजे तुमचा हॉल त्याच्या लेखी एसटी स्टँड. त्यानंतर 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'मधल्या 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये प्रायव्हेटखाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' ही दोन्ही बटणं चालू करा.

आता लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि 'आर' एकदम दाबा. येणाऱ्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यांना चिकटून डेस्कटॉपचा आकडा टाका: \\१९२.१६८.१.७ (आकडे अर्थात इंग्रजी). शेअर केलेल्या फोल्डरची यादी आली किंवा पासवर्डची चौकट आली, तर रस्ता मोकळा आहे. एक्सप्लोररच्या 'नेटवर्क' यादीत डेस्कटॉप दिसत नसला तरी बिघडत नाही. ती यादी रुसते, आकडा रुसत नाही. तरीही पोचत नसेल आणि वेगळं अँटिव्हायरस घेतलेलं असेल, तर त्याचं स्वतःचं फायरवॉल तपासा.

पायरी २: डेस्कटॉप तुम्हाला कोण समजतो?

सर्वात जास्त वेळ इथे जातो, कारण पासवर्ड बरोबर टाकूनही चूक दाखवतो.

पहिली गोष्ट: विचारलं जाणारं नाव आणि पासवर्ड डेस्कटॉपवरच्या अकाउंटचं हवं, लॅपटॉपवरचं नव्हे. वहिनी इतके दिवस आपल्या लॅपटॉपचं टाकत होती. दुसरी: पिन नेटवर्कवरून चालत नाही. तो त्या एका मशीनपुरताच असतो. दादाचं डेस्कटॉपवरचं अकाउंट ईमेलवालं, म्हणजे मायक्रोसॉफ्ट अकाउंट. तिथे पूर्ण ईमेल आणि त्या अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो. रोज चार आकड्यांचा पिन टाकणाऱ्या दादाला तो आठवणं शक्यच नव्हतं. तिसरी: ज्या अकाउंटला पासवर्डच नाही त्यातून नेटवर्कवरून आत येता येत नाही. कोरा पासवर्ड फक्त त्या मशीनसमोर बसणाऱ्यालाच चालतो, अशी विंडोजची मूळ सेटिंग आहे. 'आमच्या कॉम्प्युटरला पासवर्डच नाही, मग मागतो कशाला?' या प्रश्नाचं उत्तर हेच.

यावर लोक 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करतात. करू नका. मग डेस्कटॉप ज्याला ओळखत नाही तो प्रत्येक जण 'गेस्ट' म्हणून येतो, आणि विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून लॅपटॉपच असं गेस्ट म्हणून जायला मूळ सेटिंगमध्ये नकार देतो. तेव्हा येणारा निरोप वाचण्यासारखा आहे: तुमच्या 'ऑर्गनायझेशन'च्या सुरक्षा धोरणामुळे प्रवेश नाही. दोन खोल्यांच्या संसाराला ऑर्गनायझेशनचा मान तेवढा मिळतो.

सरळ उपाय म्हणजे डेस्कटॉपवर या कामापुरतं वेगळं अकाउंट काढणं. सेटिंग्ज, 'अकाउंट्स', 'अदर यूजर्स', 'ॲड अकाउंट'. ईमेल विचारेल तेव्हा 'माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही' या अर्थाची ओळ निवडा, आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय यूजर जोडण्याची. नाव इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता. आम्ही 'वर्ग' ठेवलं. चांगला पासवर्ड द्या आणि अकाउंट 'स्टँडर्ड'च राहू द्या, ॲडमिनिस्ट्रेटर नको. तसंही डेस्कटॉपवरचं साधं, म्हणजे ईमेलशिवायचं ॲडमिन अकाउंट नेटवर्कवरून आलं की विंडोज त्याचे जादा अधिकार बाजूला ठेवतं, त्यामुळे ॲडमिन करून फायदा होतोच असं नाही.

लॅपटॉपवर चौकट आली की नुसतं 'वर्ग' न लिहिता आधी डेस्कटॉपचं नाव, मग एक उलटी तिरकी रेघ, मग 'वर्ग' असं लिहा. डेस्कटॉपचं नाव 'होस्टनेम' या कमांडने कळतं. असं लिहिलं की कुठल्या मशीनवरचं अकाउंट, हा घोळ उरत नाही.

पायरी ३: कुलपं दोन आहेत

शेअर केलेल्या फोल्डरला दोन स्वतंत्र परवानग्या असतात. फोल्डरवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. 'शेअरिंग' टॅबमधल्या 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग'खाली 'परमिशन्स' आहेत, हे पहिलं कुलूप. ते फक्त नेटवर्कवरून येणाऱ्यांना लागू. शेजारच्या 'सिक्युरिटी' टॅबमध्ये दुसरं, ते हार्ड डिस्कवरच असतं आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला तसंच समोर खुर्चीत बसलेल्यालाही लागू. नेटवर्कवरून आल्यावर दोन्ही उघडावी लागतात, आणि दोन्हींत जे जास्त कडक तेच चालतं.

वहिनीचं घोडं इथेच अडलं होतं. फोल्डर दादाच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये होतं. शेअरिंगचं कुलूप 'एव्हरीवन – फुल कंट्रोल'ने सताड उघडं, पण डॉक्युमेंट्समधल्या फोल्डरच्या सिक्युरिटीत फक्त दादा, 'सिस्टिम' आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर्स'. बाकीच्यांना मज्जाव. याच्या उलट गंमतही होते: फाइल उघडते पण सेव्ह होत नाही. तेव्हा बहुतेक वेळा शेअरिंगचं कुलूप 'एव्हरीवन – रीड' असतं. ॲडव्हान्स्ड शेअरिंगमधून नवीन शेअर काढला की सुरुवात तिथूनच होते.

आम्ही केलं ते असं.

१. डी ड्राइव्हवर नवीन फोल्डर काढलं. 'डेस्कटॉप' (इथे स्क्रीनवरची जागा, मशीन नव्हे) किंवा डॉक्युमेंट्समधलं फोल्डर सोप्या विझार्डने शेअर केलं की कधी कधी 'यूजर्स' हे आख्खं फोल्डरच नेटवर्कवर दिसू लागतं. वेगळी जागा बरी.

२. शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग, 'शेअर धिस फोल्डर'वर खूण. परमिशन्समधून 'एव्हरीवन' काढून 'वर्ग' जोडलं, त्याला 'चेंज' आणि 'रीड'. फुल कंट्रोलची गरज नाही. फाइल लिहिणं, खोडणं, नाव बदलणं चेंजमध्ये येतं.

३. सिक्युरिटी, 'एडिट', 'ॲड', 'वर्ग', आणि 'मॉडिफाय'वर खूण.

४. हे पुतण्यासाठी. ड्राइव्हच्या मुळाशी काढलेल्या फोल्डरमध्ये 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' आणि 'यूजर्स' हे गट बहुधा आपोआप आलेले असतात. म्हणजे डेस्कटॉपवर लॉगिन असलेला कुणीही खुर्चीत बसून फोल्डर उघडू शकतो, आणि शेअरिंगचं कुलूप त्याला अडवू शकत नाही. सिक्युरिटीतल्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'डिसेबल इनहेरिटन्स' दाबा. विचारेल तेव्हा वारशाने आलेल्या परवानग्या स्वतःच्या करून ठेवण्याचा पर्याय निवडा, काढून टाकण्याचा नव्हे. मग हे दोन गट तेवढे काढा. सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स राहू द्या.

'डिनाय'च्या रकान्यात मात्र खूण करू नका. पुतण्याला डिनाय, असं सुचणं स्वाभाविक आहे, पण डिनाय सहसा अलाऊवर मात करतं. 'यूजर्स' गटाला डिनाय केलं की त्यात 'वर्ग' आणि दादाही सापडतात. ज्याला द्यायचं नाही त्याचं नाव यादीत नसणं पुरेसं आहे.

पक्कं करायचं असेल तर त्याच ॲडव्हान्स्ड खिडकीत 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' टॅब आहे. तिथे 'वर्ग' निवडलं की त्याला नेमकं काय काय करता येईल याची यादी येते.

काही फाइल उघडतात, काही नाही?

फोल्डर उघडलं. जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्या, पण दादाने त्याच सकाळी त्यात टाकलेल्या दोन उघडेनात. कारण साधं आहे, चटकन सुचत नाही इतकंच. त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमधून फाइल कट करून पेस्ट केली की ती आपल्या जुन्या परवानग्या बरोबर घेऊन येते. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. माहेरचं आडनाव लावूनच सासरी येण्यातला प्रकार. फोल्डरच्या सिक्युरिटी, ॲडव्हान्स्डमध्ये खाली 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज' अशी लांब ओळ आहे. तिथे खूण करून 'अप्लाय' केलं की आतल्या सगळ्या फाइल ताळ्यावर येतात. यापुढे कट नको, कॉपी करा, असं दादाला सांगून ठेवलंय.

जुन्या कॉम्प्युटरची डिस्क नव्याला जोडली असेल तर सिक्युरिटीत 'अकाउंट अननोन' आणि पुढे एस-१-५ ने सुरू होणारा आकडा दिसतो. तो जुन्या मशीनवरचा मालक. 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'ओनर'समोरच्या 'चेंज'वरून मालकी आपल्या नावावर घ्या, मग परवानग्या द्या. सी ड्राइव्हच्या विंडोज किंवा प्रोग्रॅम फाइल्सवर हा प्रयोग करू नका.

सगळं बरोबर करूनही जुनंच उत्तर येतंय?

लॅपटॉपने आधीचं चुकीचं नाव आणि पासवर्ड लक्षात ठेवलेला असतो. कंट्रोल पॅनेलमध्ये 'क्रेडेन्शियल मॅनेजर', 'विंडोज क्रेडेन्शियल्स', तिथली डेस्कटॉपच्या नावाची आणि आकड्याची नोंद काढून टाका. मग लॅपटॉप रिस्टार्ट करा. एकाच मशीनला एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडायला विंडोज नकार देतं (एरर १२१९), आणि जुनी जोडणी कुठेतरी उघडी राहिलेली असते. रिस्टार्टने ती सुटते.

एक इशारा. जुना टीव्ही किंवा जुनी नेटवर्क डिस्क जोडायला 'एसएमबी १ चालू करा' असा सल्ला मिळेल. एसएमबी १ म्हणजे विंडोजची फाइल शेअर करण्याची जुनी पद्धत. मे २०१७ मधलं वॉनाक्राय हे खंडणीखोर व्हायरस याच जुन्या पद्धतीतल्या भगदाडातून पसरलं होतं. त्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावा.

तपासणी

लॅपटॉपवरून फोल्डरमध्ये नवी फाइल बनवा, काहीतरी लिहून सेव्ह करा, नाव बदला, खोडा. चारही जमलं तर झालं. नंतर 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह'ने त्याला एक अक्षर देऊन टाका, म्हणजे रोज आकडा टाकायला नको.

वहिनीच्या घरी आणखी एक चाचणी होती. पुतण्या हॉलमध्ये स्वतःच्या, स्टँडर्ड लॉगिनने बसला आणि फोल्डरवर क्लिक केलं. 'तुम्हाला परवानगी नाही.' इतके दिवस ज्या निरोपाने वहिनीला छळलं तोच, आणि या वेळी ती हसली. मग त्याने साळसूदपणे विचारलं, "आई, तुझा लॅपटॉप जरा देतेस का?" 'वर्ग'चा पासवर्ड लॅपटॉपवरच्या वहिनीच्या लॉगिनमध्ये साठवलेला आहे. त्या लॉगिनने बसलेल्या माणसाला विंडोज वहिनीच समजणार. त्याच संध्याकाळी लॅपटॉपवर त्याच्यासाठी वेगळं लॉगिन काढलं आणि वहिनीने स्वतःचा पिन बदलला.